थोरल्या जावेचं फडताळ

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की कुलूप नावाची वस्तू अजून कुणी घडवलेली नव्हती. फडताळाचं दार नुसतं ओढून घेतलं की घरातलं धान्य सुखरूप राहायचं, निदान माणसांपासून तरी.

त्या काळी एका मोठ्या नदीच्या वळणावर चौदा-पंधरा घरांचं लहानसं गाव होतं. आठ महिने ती नदी अगदी शहाण्यासारखी वागायची. पावसाळ्यात मात्र ती गावाला चारी बाजूंनी वेढून बसायची. मग चार महिने नाव नाही, तराफा नाही. पलीकडच्या काठावरचा बाजार डोळ्यांना दिसायचा, पण तिथून चिमूटभर मीठसुद्धा आणता यायचं नाही. म्हणून नदी भरण्याआधी प्रत्येक घर चार महिन्यांची बेगमी करून ठेवायचं, आणि ती सगळी फडताळात असायची.

आता फडताळ म्हणजे काय, हे लहानांनी मोठ्यांना विचारू नये, कारण मोठेही विसरले आहेत. मीच सांगते. घराच्या जाड मातीच्या भिंतीत माणूसभर उंचीचा खण सोडायचा, त्यात आडव्या लाकडी फळ्या बसवायच्या, आणि पुढे दार लावायचं. खालच्या फळीवर तांदळाची पोती, वर डाळी आणि कुळीथ, त्याच्या वर मीठ, चिंच, लोणच्याच्या बरण्या, आणि सगळ्यांत वर पापडांच्या टोपल्या. घर चालायचं ते या भिंतीतल्या खणावर.

या गावात एक रीत होती. नदी भरायच्या आधीच्या पौर्णिमेला गावातल्या पाच म्हाताऱ्या घरोघर फिरून फडताळं पाहायच्या. हिला पाहणी म्हणत. दुसऱ्याच्या बेगमीला हात लावायचा नाही, असा नियम होता. म्हाताऱ्यांनी उंबऱ्याशी उभं राहून नुसतं डोळ्यांनी पाहायचं. ज्या घरचं फडताळ सगळ्यांत देखणं, त्याच्या दाराला म्हाताऱ्या विड्याचं पान खोचायच्या. आणि ज्या बाईच्या दाराला पान, तिने त्या वर्षी नदीची पहिली ओटी भरायची. बायकांना या मानाचं किती अप्रूप होतं म्हणून सांगू!

गावाच्या टोकाला दोन भावांची दोन घरं होती. घरं वेगळी, पण मधली भिंत एकच. थोरल्याच्या घरात त्या भिंतीच्या अलीकडे फडताळ आणि धाकट्याच्या घरात पलीकडे, असं पाठीला पाठ लावून दोन्ही फडताळं उभी होती. थोरल्या जावेच्या दाराला सलग सात वर्षं मानाचं पान लागलं होतं. धाकटीच्या दाराला एकदाही नाही.

कसं लागणार? धाकटी दर अमावास्येला, आणि पाहणीच्या तोंडावर आणखी एकदा, फडताळ उतरवायची. पोती, बरण्या, टोपल्या सगळं अंगणात. फळ्या काढून उन्हात टाकायची, भिंत हाताने चाचपायची, कडुनिंबाची धुरी द्यायची, फटीत चुना भरायची, आणि मग हळूहळू सगळं परत लावायची. ती कामाला संथ होती. त्यात पोरं टोपल्यांमध्ये लपाछपी खेळायची. संध्याकाळ झाली तरी निम्मी बेगमी अंगणातच. परत लावताना ती बरण्या हाताला येतील तशा ठेवायची, लहान मागे आणि मोठी पुढे असंही व्हायचं.

थोरलीचं तसं नव्हतं. तिची पितळी भांडी चिंचेने घासून लख्ख केलेली, उंचीप्रमाणे ओळीत उभी. पोत्यांची तोंडं एकसारखी दुमडलेली. बरण्यांच्या तोंडाला बांधलेल्या दादऱ्यांवर लाल दोरा, त्याच्या गाठीसुद्धा सगळ्या एकाच बाजूला. पहिली एक-दोन वर्षं तीही सगळं उतरवून साफ करायची. पण मांडणी जसजशी देखणी होत गेली, तसतसं ती मोडायचं तिच्या जिवावर येऊ लागलं. मग ती भांडी जागची न हलवता ओल्या फडक्याने त्यांच्या भोवतीभोवतीने पुसू लागली. पुढून पाहिलं तर धुळीचा कण नाही. मागे काय आहे ते मागचं मागे! हसू नका. अशी सफाई मीही केली आहे, आणि तुमच्या घरातही कुणीतरी करतच असेल.

आठव्या वर्षी पाहणीच्या आदल्या दिवशी, उन्हं कलायच्या वेळी, थोरली शेवटचा हात फिरवत होती. खालच्या फळीवर फिरणारं फडकं कोपऱ्यात गेलं आणि कशाला तरी अडलं. तिने पोतं जरासं सरकवून पाहिलं. भिंतीवरून फळीवर आलेली मातीची एक रेघ होती, बोटभर लांब आणि सुतळीएवढी जाड.

तिने नखाने ती रेघ फोडली. आत पांढरे किडे लगबगीने पळाले.

वाळवी कशी दिसते ते त्या गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. आणि वाळवी दिसली तर काय करायचं, तेही. सगळं उतरवायचं, भिंत खणायची, घरटं काढायचं, चुना भरायचा आणि तीन दिवस वाळू द्यायचं. खराब झालेलं धान्य टाकून द्यायचं आणि त्याच्या जागी बाजारातून नवं आणायचं. नदी अजून उघडी होती. नाव रोज दोनदा पलीकडे जात होती.

पण पाहणी उद्यावर आली होती. उद्या म्हाताऱ्या येणार, आणि सात वर्षं पान मिरवणारीचं फडताळ रिकामं, भिंतीला भगदाड, तांदूळ अंगणात! कुणी पाहत नाही ना, म्हणून थोरलीने दाराकडे पाहिलं. बेगमीच्या काळजीने नव्हे हो, लाजेने.

तेवढ्यात दारात धाकटी येऊन उभी राहिली. तिच्या कोपरापर्यंत चुना लागला होता.

"अक्का, माझा थोडा चुना उरलाय," ती म्हणाली. "भिजवलेला आहे, उद्या वाया जाईल. तुमच्या फडताळाला हवा का?"

थोरलीने पोतं चटकन जागेवर ढकललं.

"माझ्या फडताळाला काय धाड भरलीय?" ती म्हणाली. "तुझ्याच भिंतीला लाव. तुझं अजून निम्मं अंगणात पडलंय, ते आधी आत घे. उद्या पाहणी आहे म्हटलं."

"होय की," धाकटी हसून म्हणाली, आणि चुन्याचं भांडं घेऊन परत गेली.

 थोरलीने स्वतःशीच ठरवलं, की एकदा नदी भरली की वेळच वेळ आहे, पान लागून जाऊ दे, मग सगळं उतरवू. तिने पांढरी माती कालवली आणि फोडलेल्या रेघेवर, कोपऱ्यावर, मागच्या भिंतीवर हात पोचला तिथपर्यंत छान गुळगुळीत सारवून टाकलं.

आता वाळवीला काय लागतं? अंधार लागतो, ओल लागते आणि डोक्यावर मातीचं छप्पर लागतं. ती बिचारी हे सगळं कणाकणाने स्वतः उभारते. इथे तिला घरच्या मालकिणीने एका हाताने सगळं फुकट करून दिलं!

दुसऱ्या दिवशी पाहणी झाली. म्हाताऱ्यांनी धाकटीचं अर्धवट लागलेलं फडताळ पाहून एकमेकींना कोपरखळ्या मारल्या. थोरलीच्या उंबऱ्याशी मात्र त्या पाचही जणी पदर सावरून उभ्या राहिल्या. त्यांतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजीला डोळ्यांनी कमी दिसायचं. तिने नाक वर करून हुंगलं.

"ओल्या मातीचा वास येतोय गं."

"कालच सारवलंय, आजी," थोरली म्हणाली.

"बघा! आतल्या भिंतीसुद्धा सारवते," आजी बाकीच्यांना म्हणाली. "हौस असावी तर अशी."

पान आठव्यांदा थोरलीच्या दाराला लागलं. तिने नदीची ओटी भरली. बायकांनी कौतुक केलं. 

आणि नदी भरली.

आता वेळच वेळ होता. पण रोज एखादी बाई मानाचं फडताळ पाहायला यायची, तिच्यासमोर पसारा कसा काढणार? कुणी आलं नाही त्या दिवशी पाऊस फार म्हणून राहिलं. पाऊस उघडला त्या दिवशी कंबर दुखत होती. खरं कारण एवढंच होतं, की उतरवायला घेतलं की काय झालंय ते पाहावं लागणार. थोरली रोज समोरच्या पोत्यातले तांदूळ काढायची, दार ओढून घ्यायची आणि त्या कोपऱ्याकडे पाहायचं टाळायची. न पाहण्याचे हे कष्ट पाहण्याच्या कष्टांहून कितीतरी जास्त होते. तिला जेवण गोड लागेना. पोरांवर ती उगाच ओरडू लागली.

असा दीड महिना गेला. एका दुपारी समोरचं पोतं संपलं, म्हणून तिने मागचं ओढलं. पोत्याचं तोंड हातात आलं आणि बूड तिथेच राहिलं. आतून तांदूळ सांडले नाहीत. मातीची ढेकळं निघाली, ओली, काळपट, आणि त्यांत वळवळणारे किडे. तिने घाईने तिसरं पोतं ओढलं. त्याचीही तीच गत. पोतं हललं तशी वरची फळी कुरकुरली आणि मधोमध मोडली. डाळी, मीठ, बरण्या, पापड सगळं त्या चिखलावर येऊन पडलं. फळी बाहेरून धड होती. आतून तिच्यात भुगा तेवढा उरला होता.

थोरलीने खाली बसून ढेकळं चाळली, मूठभरही धड तांदूळ निघाले नाहीत. नदी उतरायला अजून अडीच महिने होते.

रडू आलं तरी ती रडली नाही, कारण रडण्याचा आवाज भिंतीपलीकडे गेला असता. तिने मोडकी फळी उचलून मागची भिंत पाहिली. तिने स्वतःच सारवलेल्या पांढऱ्या मातीखालून मातीच्या वाटा सगळीकडे गेल्या होत्या, काही वर, काही खाली. तीन-चार जाड वाटा मात्र सरळ भिंतीत घुसल्या होत्या, पलीकडच्या बाजूला. पलीकडे धाकटीचे तांदूळ होते.

उंदरांनी नासधूस केली, असं ती म्हणाली असती तर कुणी तिला खोटं पाडलं नसतं. दार ओढून घेऊन दोन दिवस विचार करावा, असंही तिच्या मनात आलं. पण दोन दिवसांत त्या वाटा कुठपर्यंत जातील, हे आता तिला ठाऊक होतं. ती उठली, पदराने हात पुसले, आणि तशीच भिजत शेजारच्या घरात गेली.

धाकटी चुलीपाशी होती. दोघे भाऊ ओसरीवर जाळं विणत बसले होते.

"धाकटे, तुझं फडताळ उतरव," थोरली म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

"परवा अमावास्येलाच तर उतरवलं, अक्का. भिंत धड होती."

"तरी उतरव. मी हात लावते."

तिचा चेहरा पाहून धाकटीने पुढे काही विचारलं नाही. चौघांनी मिळून पोती बाहेर काढली. तांदूळ शाबूत होते. खालची फळी काढून धाकटीने मागची भिंत चाचपली. एका जागी तिचं बोट पेराएवढं आत गेलं. त्यामागे भिंत पोकळ झाली होती.

भावांनी कुदळ आणली. वीतभर खणल्यावर आत भोपळ्याएवढं घरटं निघालं. त्यांनी ते टोपलीत भरून भर पावसात नदीत नेऊन टाकलं. परत येऊन धाकट्या भावाने कपाळावरचा चिखल पुसला.

"हे दोन महिन्यांचं काम नाही," तो म्हणाला. "किती वर्षांपासून आत बसलीय कुणास ठाऊक. वहिनी, तुम्ही तरी काय करणार? भिंतीच्या पोटातलं कुणाला दिसतं?"

पाहा बरं, सुटायला केवढी मोठी वाट मिळाली होती! मान खाली घालून गप्प राहिली असती तरी पुरलं असतं.

"मला दिसलं होतं," थोरली म्हणाली. "पाहणीच्या आदल्या दिवशी. रेघ दिसली, मी ती फोडलीसुद्धा. आणि वर माती सारवली. आता माझ्या फडताळात एक दाणाही धड उरलेला नाही."

 चुलीवर भात करपल्याचा वास आला, तरी धाकटी जागची हलली नाही.

"मी चुना घेऊन दारात आले होते, अक्का," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"तेव्हा नाव चालू होती. पलीकडून तांदूळ आणता आले असते."

"हो."

"एक दिवस फडताळ रिकामं दिसलं असतं, एवढंच ना? तेवढ्याची लाज वाटली तुम्हाला. आता माझ्या पोरांच्या ताटातलं निम्मं जाणार, त्याचं काय?"

धाकटी कधी कुणाला वर आवाज करून बोलली नव्हती. आताही तिचा आवाज चढला नाही, पण तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.  मोठ्या माणसांनी चूक कबूल केली की सगळं लगेच गोड होतं, असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ते खरं नाही.

धाकटीने डोळे पुसले, मापाचा शेर घेतला, आणि आपले तांदूळ मोजायला बसली. दोन घरची मिळून नऊ तोंडं आणि एका घरचा तांदूळ. त्या दिवसापासून दोन्ही घरांची एकच चूल झाली. सकाळी पातळ पेज, संध्याकाळी एक वेळ भात. धाकटी सगळ्यांना सारखं वाढायची, थोरलीलाही. पण तिच्याशी एक अक्षर बोलायची नाही.

थोरलीने दुसऱ्या दिवशी सकाळी दाराचं वाळलेलं पान काढलं आणि त्या पाचही म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन आपण काय केलं ते सांगितलं. 

"वास मला आला होता," डोळ्यांनी अधू आजी म्हणाली. "मी त्याचंही कौतुक केलं. आता पुढे काय?"

"आता घरोघर जाते," थोरली म्हणाली. "ज्यांनी ज्यांनी पानासाठी माझ्यासारखी मांडणी केली, त्यांनी माझ्यासारखीच पुढून पुसली असणार."

ती खरंच घरोघर गेली. प्रत्येक उंबऱ्यावर उभं राहून तिला तीच लाजिरवाणी हकीगत पहिल्यापासून सांगावी लागली, कारण त्याशिवाय भर पावसात कुणी बेगमी उतरवायला तयार होईना. काही बायका कळवळल्या. काही तोंडाला पदर लावून हसल्या, आणि तिची पाठ वळताच शेजारणीला सांगायला धावल्या. एकीने तर दारच ओढून घेतलं. थोरलीने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दारात जाऊन उभी राहिली. एकेक फडताळ ती स्वतःच्या हाताने उतरवू लागली, फळ्या चुलीच्या धगीवर वाळवू लागली, आणि भिंती चाचपू लागली. तीन घरांत रेघा सापडल्या. एका घरात ती रेघ पोत्यापासून चार बोटांवर येऊन थांबली होती. तिघींची बेगमी वाचली. त्या तिघींनी दर आठवड्याला पदरातून थोडे थोडे तांदूळ आणून धाकटीच्या फडताळात ठेवले.

असे कितीतरी दिवस गेले. एका संध्याकाळी थोरली दिवसभर दुसऱ्यांच्या घरची फडताळं उतरवून परत आली. हात चुन्याने फाटले होते. तशीच ती पानावर बसली. तिने निम्मा भात न खाताच पोरांकडे सरकवला.

धाकटी उठली. तिने भांड्यात तळाला राहिलेला, स्वतःच्या वाटणीचा भात घेतला आणि थोरलीच्या पानात वाढला.

"खा, अक्का," इतक्या दिवसांनी ती पहिल्यांदा बोलली. "उद्या मीही येते तुमच्याबरोबर. एकटीने भिंती चाचपून व्हायच्या नाहीत."

थोरलीच्या डोळ्यांतलं पाणी टपटप त्या भातावर पडलं. त्या पाण्यासकट तिने तो भात संपवला, एक शीतही टाकलं नाही.

नदी उतरली तेव्हा त्या दोन घरांतली सगळी माणसं वाळली होती, पण एकही माणूस कमी झालं नव्हतं. दोन्ही घरांच्या चुली पुन्हा वेगळ्या झाल्या. मधली भिंत नव्याने बांधली. पुढच्या वर्षीच्या पाहणीत पान कुणाच्या दाराला लागलं, ते मात्र मला सांगता येणार नाही, कारण थोरलीने ते पाहिलं नाही. ती आणि धाकटी त्या दिवशी अंगणात फळ्या वाळवत बसल्या होत्या.

लहानथोरांनो, या गोष्टीतून मनाशी धरायचं ते एवढंच: झाकलेला दोष नाहीसा होत नाही, तो नजरेआड वाढतो आणि शेवटी आपल्याबरोबर शेजाऱ्याच्याही ताटात हात घालतो.